पेडल स्टील गिटार घ्यायचीये? आधी तिला उलटी करून बघा!

पडद्यावर ओसाड हायवे, एकटा ट्रक आणि मागे रडल्यासारखा, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारा आवाज. अमेरिकन कंट्री म्युझिकमधला हा आवाज अनेकांनी ऐकलेला असतो. पण तो ज्यातून निघतो ते वाद्य बघितलं की पहिला प्रश्न पडतो, ही गिटार आहे की शिलाई मशीन?

पायांवर उभं टेबल, त्यावर १० तारा, खाली पायाने दाबायची पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे लिव्हर. डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत बार. हीच पेडल स्टील गिटार.

तिचं मूळ हवाई बेटांवरचं. तिथे १९व्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूचा तुकडा फिरवायला सुरुवात झाली. आपल्याकडे व्हॅन शिप्ले यांनी हिंदी गाण्यांच्या रेकॉर्ड काढल्या, त्या याच हवाईयन गिटारवर. अडचण एकच होती. बार सरळ असल्यामुळे सगळ्या तारांचा सूर एकदम सरकायचा. १९५४ मध्ये गाजलेल्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडलने ओढल्या, आणि बाकीचे वादकही पेडलच्या मागे लागले.

पेडल दाबलं की पोटाखालच्या सळया ओढल्या जातात आणि ठरावीक तारा ताणल्या किंवा सैल होतात. थोडक्यात, ही गिटार म्हणजे अर्धं यंत्रच. म्हणून वरची पॉलिश बघून पैसे मोजणारे फसतात.

खरी परीक्षा ट्यूनर लावून करायची. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ट्युनिंग म्हणजे ई-९. त्यात चौथी तार ‘ई’ सुराची असते. ती छेडा आणि ट्यूनरवर नजर ठेवून ए आणि बी ही दोन पेडल दाबा. ही पेडल चौथ्या तारेला हातही लावत नाहीत, तरी तिचा सूर थोडा उतरतो. कारण बाकीच्या तारांचा ताण वाढला की गिटारचं अंगच किंचित वाकतं. याला ‘कॅबिनेट ड्रॉप’ म्हणतात. शेजारच्या दोन सुरांमध्ये १०० सेंटचं अंतर धरलं, तर २-३ सेंटचा फरक खपून जातो. ८-१० सेंट उतरला तर कान लगेच पकडतो. नवशिक्याला मात्र हे माहीत नसतं. आपलाच हात बेसूर आहे असं समजून तो महिनोन् महिने स्वतःला दोष देत बसतो.

दुसरी गोष्ट, पेडल सोडल्यावर तार मूळ सुरावर परत येते का? दहा वेळा दाबा, दहा वेळा बघा. मग विक्रेत्याला विचारून गिटार उलटी करा. सळया वाकलेल्या, सांधे खडखडणारे किंवा गंजलेले दिसले तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा.

स्वस्तातल्या जुन्या स्टुडंट मॉडेलचा मोहही आवरा. काहींना ३ पेडल आणि एकच गुडघ्याचा लिव्हर असतो. आज शिकवलं जातं ते ३ पेडल, ४ लिव्हर गृहीत धरून, त्यामुळे थोड्याच दिवसांत गाडी अडते. डबल नेक गिटार फोटोत भारी दिसते, पण सुरुवातीला सिंगल नेक पुरते, आणि उचलणारा तुम्हाला दुवा देईल.

जुन्या ‘एमन्स’च्या पुश-पुल गिटारच्या आवाजावर जाणकार आजही जीव टाकतात. पण ती सुरात लावणं जिकिरीचं काम आहे. हाताशी जाणकार नसेल तर ऑल-पुल यंत्रणेची गिटार बरी. तिच्या टोकाला नायलॉनचे छोटे नट असतात, ते फिरवले की पेडलचा सूर जुळतो.

शेवटी खुर्चीवर बसून बघा, गुडघे लिव्हरपर्यंत नीट पोहोचतात का? आणि तिसऱ्या तारेचे चार-पाच नग जास्तीचे घेऊन ठेवा. बारीक आणि सतत ओढली जाणारी ही तार सहसा सगळ्यात आधी तुटते.