दाखल्याएवढा चित्रपट

आपल्याकडच्या चित्रपटाची सुरुवात ख्रिस्तचरित्राच्या पडद्यासमोर झाली, हे आपण कौतुकाने सांगतो. त्यातून घ्यायचे काय, ते मात्र सोयीने निवडतो. १९१०-११च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण हलू लागले. पण तिथून ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत (१९१३) जाताना त्यांनी मध्ये एक अगदी छोटा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर रोज थोडेथोडे चित्रण करत कोंब वर येताना टिपला. ही ‘अंकुराची वाढ’ दाखवूनच त्यांना कर्ज मिळाले. नट नाही, वेशभूषा नाही, सेट नाही. आज पिंपरी-चिंचवडमधला किंवा चाकणचा एखादा तरुण चर्चच्या मंडळीतले चार मित्र जमवून ख्रिस्ती लघुपट करू पाहतो, तेव्हा मनात ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ असतो. खिशाला परवडण्यासारखा असतो तो वाटाणा.

पुढे ख्रिस्ती चित्रपटाने झग्याची वाट धरली. तेलुगूतला ‘करुणामयुडु’ (१९७८) हिंदीत ‘दयासागर’ होऊन आला आणि गावोगावी पडदे बांधून दाखवला गेला. लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला ‘जीझस’ (१९७९) इस्राएलमध्ये चित्रित झाला आणि मराठीसह दोन हजारांवर भाषांत पोचला. या चित्रपटांनी अनेकांना आधार दिला. त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. पण त्यांनी नजरेला एक सवय लावली. ख्रिस्ती चित्रपट म्हणजे झगा, दाढी, वाळवंट आणि डबिंगचा घुमारदार आवाज. पैसे नसताना ही नक्कल करायला गेले की बेडशीटचा झगा दिसतो, आणि मागे मोबाइलचा टॉवर. उलट पुरावा पिंपरी-चिंचवडला खेटूनच आहे. देहूच्या तुकोबांवर प्रभातने १९३६ साली काढलेल्या ‘संत तुकाराम’मध्ये चमत्कार आहेत, वैकुंठाचे विमान आहे, पण चित्रपट पेलला आहे त्यांच्या बायकोने, जिजाईने. पोर आजारी पडल्यावर विठोबाला जाब विचारायला चप्पल घेऊन देवळात शिरणाऱ्या त्या बाईमुळे तुकोबांच्या भक्तीला वजन येते. भक्तीला वजन घरातल्या ताणातून येते, हे मराठी ख्रिस्ती साहित्याने केव्हाच ओळखले होते. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातले बरेचसे नाट्य त्या मधल्या काळात, चुलीपाशी आणि सोवळ्याओवळ्यात घडते. विजया मेहतांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला. ती वाट पुढे मळली मात्र नाही.

म्हणून कमी पैशांच्या ख्रिस्ती लघुपटाने नमुना घ्यावा तो दाखल्याचा, म्हणजे येशूने सांगितलेल्या छोट्या बोधकथेचा, चरित्राचा नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय पाहा. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, दिवसभरात पुन्हा पुन्हा जातो, आणि तास उरला असताना कोणी न बोलावलेल्यांनाही कामाला लावतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी. सकाळी मजूर अड्ड्यावर थांबणाऱ्याला, किंवा एकाच लाइनवर परमनंट माणसाशेजारी उभे राहून ठेकेदाराचा पगार घेणाऱ्याला, हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. त्याहून साधा विषय हवा तर इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी असते गुरुवारी आणि उपासना रविवारी. फर्स्ट शिफ्टची बस की चर्च, या पेचात सापडलेल्या माणसाची गोष्ट सांगायला एक खोली, एक बसथांबा आणि एक जेवणाचा डबा पुरतो.

यावर पहिला आक्षेप तंत्राचा येईल. प्रेसचे ठोके, कॉम्प्रेसर, ट्रकचे हॉर्न. या कारखान्यांच्या पट्ट्यात आवाज धड मिळणार कसा? उमेश कुलकर्णींच्या ‘गिरणी’त घरात आलेल्या पिठाच्या गिरणीची घरघर हाच मुलाचा छळ आहे, आणि त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोंगाट गोष्टीत घेता येतो. संवाद मात्र स्वच्छ हवेत, म्हणून कॅमेऱ्याच्या भाड्याआधी कॉलर माइकवर खर्च करावा. चित्र थोडे हलले तर प्रेक्षक चालवून घेतो, शब्द कळले नाहीत तर उठून जातो. दुसरा आक्षेप घरचाच. येशूचे नाव नाही, तर ख्रिस्ती लघुपट कसला? पण द्राक्षमळ्याच्या गोष्टीतही देवाचे नाव कोणी घेत नाही. तिसरा आक्षेप बाहेरून येतो, की हा धर्मप्रचार आहे. तो सरसकट उडवून लावू नये. शेवटच्या मिनिटाला प्रार्थना होऊन दुखणे बरे होते आणि शेजारी हात जोडतो, असा लघुपट प्रचारकीच असतो, आणि तो वाईटही असतो. ज्यात विश्वासणाऱ्या माणसाचेच काही पणाला लागते, तिथे या आक्षेपाला धार उरत नाही.

कस लागतो तो दाखल्यातल्या तक्रार करणाऱ्या पात्रांपाशी. पहाटेपासून उन्हात राबलेल्या मजुरांची कुरकुर रास्त आहे. वीस वर्षे युनियनमध्ये काढलेला कोणीही त्यांचीच बाजू घेईल. नवखा दिग्दर्शक त्यांना हेवेखोर ठरवून मोकळा होतो. मत्तयाने तसे केलेले नाही. धनी त्यांना प्रश्न विचारतो आणि त्यांचे उत्तर लिहिलेले नाही. पटकथा लिहायला बसावे ते तिथून, आणि सर्वांत चांगले संवाद त्या कुरकुरणाऱ्यांना द्यावेत.