हेअर स्ट्रेटनर घेताय? प्लेटच्या आधी तापमान बघा

पावसाळ्यात पनवेलमध्ये सकाळी सरळ केलेले केस लोकल पकडेपर्यंत पुन्हा फुगतात. मग दुसऱ्या दिवशी स्ट्रेटनरचं तापमान वाढवलं जातं आणि एकाच बटेवरून तो चार-चारदा फिरवला जातो. पण इथे दोष कमी उष्णतेचा नसतो, हवेतल्या ओलाव्याचा असतो.

केस सरळ कसे होतात?

केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यातले हायड्रोजन बंध उष्णतेने सुटतात आणि केस थंड होताना नव्या आकारात जुळतात. पाण्यानेही हे बंध सुटतात. खाडीकाठची दमट हवा हळूहळू तेच करते. म्हणून १८० ऐवजी २३० अंश सेल्सिअस ठेवलं, तरी केस दमट हवेपासून वाचत नाहीत. उलट इतक्या उष्णतेने केराटिनचीच रचना बिघडते. केसाचा बाहेरचा भाग मृत असल्याने ही हानी भरून निघत नाही. तो भाग कापावाच लागतो.

घेताना काय बघाल?

तापमान : फक्त चालू-बंद बटण असलेला स्ट्रेटनर टाळा. अंश दाखवणारा आणि तापमान कमी-जास्त करता येणारा घ्या. पातळ किंवा रंगवलेल्या केसांना साधारण १५० अंश, मध्यम केसांना १७० ते १८५ आणि जाड, कुरळ्या केसांना फार तर २०० अंश पुरेसे असतात.

प्लेट : सिरॅमिकमध्ये उष्णता सारखी पसरते. टायटॅनियम पटकन तापतं, त्यामुळे नवख्या हातांनी ते जपून वापरावं. स्वस्त स्ट्रेटनरमध्ये धातूवर सिरॅमिकचा फक्त पातळ थर असू शकतो. तो खरवडला गेला की केस अडकतात.

सुरक्षा : आपोआप बंद होण्याची सोय आणि गोलसर कडा असाव्यात.

वापरताना काय टाळाल?

ओल्या केसांवर साधा स्ट्रेटनर कधीही फिरवू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तिथेच केस तुटतो. उष्णतेपासून संरक्षण देणारा स्प्रे वापरत असाल, तर तोही आधी सुकू द्या. स्प्रेने हानी कमी होते, पण पूर्ण टळत नाही.

पातळ बटा घ्या, प्रत्येकीवरून एकदा, फार तर दोनदा फिरवा. आणि बाहेर धो-धो पाऊस असेल, तर त्या दिवशी वेणी घाला. केसही वाचतील, वेळही.