स्वदेश-पुनःप्रवेश

स्वदेश-पुनःप्रवेश : परदेशी गेलेल्या नागरिकाने मायदेशाच्या सीमेवर आपले नागरिकत्व दाखवून पुन्हा देशात येणे. परकीयास प्रवेश द्यावा की नाही, हे सामान्यतः राज्य ठरविते. नागरिकास मात्र परतण्याचा हक्क असतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात (१९४८) तो मान्य केला असून नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार (१९६६) कोणासही स्वदेशप्रवेशापासून मनमानी रीतीने वंचित करता येत नाही. तथापि सीमेवरील अधिकाऱ्यास नागरिक व परकीय यांतील भेद मुख्यतः कागदपत्रांवरून ओळखावा लागतो. त्यामुळे पुराव्याअभावी हक्कच धोक्यात येण्याचा संभव असतो.

भारतात हा प्रश्न फाळणीनंतर तीव्रतेने उद्‌भवला. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी १९४८ मध्ये परवाना-पद्धती सुरू झाली. १९४९ च्या अधिनियमाने विनापरवाना येणाऱ्यास किंवा तसा वाजवी संशय असणाऱ्यास देशाबाहेर घालविण्याचा अधिकार केंद्र शासनास दिला. मुंबई राज्याविरुद्धच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ही तरतूद भारतीय नागरिकांपुरती संविधानविरोधी ठरविली. परवान्याचा नियम मोडल्याबद्दल नागरिकास शिक्षा होऊ शकते. परंतु त्यायोगे त्याचे नागरिकत्व नष्ट होत नाही, म्हणून त्यास हद्दपार करता येत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

नागरिकत्व दाखविण्याचे नेहमीचे साधन म्हणजे पारपत्र. ते सबळ पुरावा असले, तरी निर्णायक नव्हे. कारण १९६७ च्या पारपत्र अधिनियमानुसार लोकहितार्थ अनागरिकासही ते देता येते. पारपत्र हरविल्यास वा त्याची मुदत संपल्यास परदेशातील भारतीय वकिलात ओळख व नागरिकत्व यांची खातरजमा करून केवळ भारतात परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देते. नेपाळ किंवा भूतानच्या सीमेवरून येणाऱ्या भारतीय नागरिकांना पारपत्राची सक्ती नाही. नेपाळ-भारत विमानप्रवासात मतदार ओळखपत्रही चालते.

व्यक्तीच्या नागरिकत्वाविषयी वाद निर्माण झाल्यास आपण परकीय नाही, हे शाबित करण्याचा भार १९४६ च्या परकीय नागरिक अधिनियमाने त्या व्यक्तीवरच टाकला होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियमातही तो कायम आहे. ज्यांच्याजवळ जन्माची वा शिक्षणाची नोंद नसते, अशा गरीब स्थलांतरितांना हा भार विशेष जाचक ठरतो. कागदपत्र नसणे म्हणजे नागरिकत्व नसणे नव्हे. परंतु सीमानाक्यावर हा भेद टिकविण्यासाठी चौकशीची व दाद मागण्याची सोय असणे आवश्यक असते.