अनुक्रमिक संदेशवहन : भुईकाट्यापासून संगणकापर्यंत

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याने खाडीवरील पूल ओलांडला की कशेळी लागते. तेथून पुढे काल्हेर-पूर्णा या गावांच्या बाजूस गोदामांची वस्ती पसरलेली आहे. गोदामांच्या व्यवहारात भुईकाट्यावरील वजनास मोठे महत्त्व असते. मालमोटारीचे भाडे, मालाचा हिशेब व प्रसंगी तंट्याचा निकालही त्यावर अवलंबून असतो. काट्याच्या दर्शकावर उमटलेला आकडा कार्यालयातील संगणकाकडे पुष्कळदा तारेवरून जातो. तो वाटेत बदलणार नाही याची हमी कोणती, हा प्रश्न म्हणूनच केवळ तात्त्विक नव्हे.

एका अंकाचे सात बिट सात तारांवरून एकाच वेळी पाठविणे यास समांतर वहन म्हणतात. अंतर वाढले की त्यात तारांचा खर्च वाढतो, शिवाय सर्व बिट एकाच क्षणी पोहोचतील असेही नाही. यास्तव ते एकाच तारेवरून एकामागून एक सोडतात; हेच अनुक्रमिक वहन होय. परंतु कोणता बिट कोठे सुरू झाला हे तार स्वतः सांगत नाही. ही अडचण टेलिप्रिंटरच्या काळातच सोडविली गेली. संदेश नसताना तार १ या स्थितीत असते. ती ० झाली की तो आरंभ-बिट समजावयाचा; त्यामागून सात बिट, एक समता-बिट व एक विराम-बिट येतो. सेकंदास ९६०० बिट या वेगाने अशी ९६० अक्षरे जातात. ग्राहक प्रत्येक बिट त्याच्या मध्यभागी वाचतो. दहावा बिट वाचेपर्यंत साडेनऊ बिटांचा काळ लोटतो. दोन्ही टोकांच्या घड्याळांत सुमारे ५ टक्क्यांहून अधिक तफावत असल्यास वाचन शेजारच्या बिटावर जाते.

हा करार चिपला सांगणे म्हणजेच तिची आज्ञावली लिहिणे. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकासाठी ८२५० ही चिप वापरली गेली. तिला सेकंदास १८,४३,२०० स्पंदने मिळत असता १६ गुणिले ९६०० ने भागून १२ हा भाजक येतो. प्रथम रेषा-नियंत्रण रजिस्टरमध्ये १२८ लिहून भाजकाचे दार उघडावयाचे, १२ व ० हे त्याचे दोन भाग भरावयाचे आणि मग त्याच रजिस्टरमध्ये २६ लिहावयाचे. २६ चा अर्थ सात बिट, सम समता व एक विराम-बिट असा होतो. आलेले अक्षर सुमारे एक सहस्रांश सेकंदात उचलले नाही, तर पुढचे अक्षर त्याच्यावर येऊन ते नष्ट होते.

समता-बिटाचे मोल एका उदाहरणाने कळेल. ‘१’ या अंकाचा संकेत ४९ व ‘९’ चा ५७; दोहोंत एकाच बिटाचा फरक आहे. तो बिट पालटल्यास २०,१०० किलोचे २०,९०० किलो होतील आणि आकडा दिसावयास मुळीच अस्वाभाविक वाटणार नाही. सम समता असल्यास एककांची संख्या विषम झालेली चिपला दिसते व ती दोषाची खूण करते. तथापि दोन बिट एकदम पालटले तर समता कायम राहते आणि चूक निसटते. म्हणून ओळीच्या अखेरीस सर्व संकेतांची बेरीज पाठवून ती ताडून पाहणे इष्ट होय. चिप दोषाची खूण करते. ती खूण पाहून वजन नाकारणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे कर्तव्य ठरते.