चालत्या बिऱ्हाडांतून नाताळच्या बाजारास

आपल्याकडे बैलगाडींत अंथरूण, शिधा व चूल घालून दूरच्या जत्रेस जाण्याची चाल जुनी आहे. जर्मनींत हेंच काम मोटार करिते. निजावयाचे बाक, शेगडी, पाण्याची टाकी, न्हाणी व ऊब देणारें यंत्र एका लांबट पेटींत बसवून तिला चाकें लाविलेलीं असतात. तिला तेथें 'वोनमोबिल' म्हणतात. २०२३ च्या डिसेंबरांत आम्ही अशी एक गाडी भाड्यानें घेऊन सहकुटुंब न्यूरेंबर्गचा नाताळचा बाजार पाहण्यास गेलों. थंडींतील असा प्रवास ही काय चीज आहे, तें पहिल्याच रात्रीं कळलें.

गाडी गांवाबाहेरील तळावर उभी होती. पारा शून्याखालीं सहा अंश उतरला होता. पहाटे तीनच्या सुमारास ऊब देणारें यंत्र बंद पडलें. गॅसची टाकी हालवून पाहिली, तों आंत द्रव डचमळत होता! थोड्या वेळानें गाडीखालीं पाणी सांडल्याचा आवाज झाला. धाकटी मुलगी थंडीनें रडूं लागली, तेव्हां जवळची कोळशाची शेगडी आंतच पेटवावी असें आम्हीं ठरविलें. आमची खुडबूड ऐकून शेजारच्या गाडींतील एक वृद्ध गृहस्थ बाहेर आले. शेगडी दृष्टीस पडतांच त्यांनीं ती उचलून दूर बर्फांत नेऊन ठेविली, आणि आपली गॅसची दुसरी टाकी आणून जोडून दिली. कोंदट जागेंत कोळसा जळूं लागला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. मनुष्य झोंपेंतच दगावतो. ती शेगडी आंत पेटती, तर हा लेख लिहिण्यास आम्ही कदाचित् उरलोंच नसतों.

मग टाकींत द्रव असून गॅस कां येईना? आपल्या स्वयंपाकघरांतल्याप्रमाणें त्या टाकींतही ब्यूटेन व प्रोपेन यांचें मिश्रण होतें. प्रोपेन शून्याखालीं ४२ अंशांवरही उकळून वायुरूप होतो. ब्यूटेन मात्र शून्याच्या आसपासच थबकतो. थंडींत प्रोपेन आधीं निघून गेला व ब्यूटेन द्रवरूपानें तळाशीं राहिला. म्हणून हिवाळ्यांत तेथें निव्वळ प्रोपेनच घेतात. गाडी देणारांनीं हें सांगितलें नाहीं. पण विचारण्याचें आमच्याही ध्यानांत आलें नव्हतें. पाणी सांडलें तें मात्र योग्यच झालें. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्के फुगतें व बंब फुटतो. तो फुटूं नये म्हणून गारठा वाढतांच एक झडप आपोआप उघडून बंब रिता करिते.

दुसऱ्या दिवशीं गाडी तळावरच ठेवून आम्ही आगगाडीनें शहरांत गेलों. बाजार भरतो तो हाउप्टमार्क्ट नांवाच्या चौकांत, फ्राउएनकिर्शे या जुन्या देवळासमोर. दुकानांवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचें कापड असतें. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापूर्वींच्या शुक्रवारीं, सोनेरी केसांची व मुकुट घातलेली एक तरुणी बालख्रिस्ताच्या वेषांत देवळाच्या सज्जावरून बाजार उघडल्याचें जाहीर करिते. या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे १६२८ सालची एक लांकडी पेटी. ती तेथील पदार्थसंग्रहालयांत आहे. २ जानेवारी १९४५ च्या बाँबवर्षावांत जुनें शहर बहुतेक जमीनदोस्त झालें. अवशेष अजून पुरते हललेही नव्हते, तोंच १९४८ सालीं बाजार पुन्हा भरला.

सुकविलेल्या आलुबुखाऱ्यांच्या बाहुल्या मुलांस फार आवडल्या. आम्ही मात्र 'लेबकूखेन' नांवाच्या वड्यांपाशींच रेंगाळलों. त्यांत मध, बदाम, सुंठ, लवंग, दालचिनी, वेलदोडे! मध भोंवतालच्या रानांतला, आणि मसाला एके काळीं आपल्या मलबार किनाऱ्यावरून व्हेनिसमार्गें येथील व्यापाऱ्यांकडे येई. यांतील 'एलिझेन' हा उंची प्रकार; त्यांत पीठ शेंकडा दहाहून अधिक चालत नाहीं. पहिला तुकडा तोंडांत घालतांच आमच्या मुलीनें विचारलें, "हा दिवाळीचा डबा यांना कोणीं दिला?"

एक डबा आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांसाठीं घेतला. टाकीचे पैसे त्यांनीं घेतले नाहींत. डबा मात्र तेथल्या तेथें उघडला.