नाव जीवनसत्त्वाचं, काम संप्रेरकाचं

सकाळी अकराच्या उन्हात हात उघडा धरला, तर फक्त ऊब जाणवते. पण त्याच वेळी कातडीच्या पेशींत एक रेणू फुटत असतो.

हा रेणू कोलेस्टेरॉलचा सख्खा भाऊबंद. त्याच्यात चार कड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. ठरावीक तरंगलांबीचा अतिनील किरण त्याच्यावर पडला की एका कडीतला एकच बंध तुटतो आणि कडी उघडते. अणू एकही वाढत नाही, एकही घटत नाही. आधी २७ कार्बन, ४४ हायड्रोजन, १ ऑक्सिजन, नंतरही तेवढेच! मग अंगाच्या उबेनं तो रेणू सावकाश वळतो आणि व्हिटॅमिन डी तयार होतं. बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हात मात्र हे घडत नाही, कारण हे किरण काच अडवते.

पण हे डी अजून मुकं असतं. यकृतात त्याच्या शेपटीला एक ऑक्सिजन जोडला जातो. रक्ततपासणीत मोजतात ते हेच रूप, कारण ते आठवडेच्या आठवडे रक्तात टिकतं. मग मूत्रपिंडात दुसऱ्या टोकाला आणखी एक ऑक्सिजन बसतो आणि कॅल्सिट्रायॉल हे खरंखुरं संप्रेरक जन्माला येतं. हे काम मूत्रपिंडाचं आहे, हे फ्रेझर आणि कोडिचेक या संशोधकांनी १९७० मध्ये दाखवलं. मूत्रपिंड निकामी झालेल्यांची हाडं का ठिसूळ होतात, याचा मोठा उलगडा त्यातून झाला.

मला सर्वांत थक्क करते ती या शेवटच्या पायरीवरची राखण. मानेत थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम जरा उतरलं की त्या मूत्रपिंडाला निरोप धाडतात. कॅल्सिट्रायॉल वाढतं, आतड्याच्या पेशीत शिरतं, थेट केंद्रकात जाऊन आपल्या रिसेप्टरला बिलगतं आणि दोघं मिळून डीएनएवरची जनुकं जागी करतात. पेशी कॅल्शियम आत घेणारी दारं आणि ते पलीकडे वाहून नेणारी प्रथिनं बनवू लागते. एरवी नाचणीच्या भाकरीतलं, दुधातलं जेमतेम १०-१५ टक्के कॅल्शियम अंगी लागलं असतं, ते ३०-४० टक्क्यांवर जातं. आणि पुरे झालं, हे कोण सांगतं? हाडंसुद्धा सांगतात! त्यांच्यातून निघणारं एक संप्रेरक मूत्रपिंडाला हात आवरायला लावतं.

ऊन जास्त झालं तर कातडी जादा रेणू निरुपयोगी रूपांत वळवून टाकते, म्हणून उन्हातून डी कधी अति होत नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ६०,००० युनिटच्या पाकिटाला ही सोय नाही. डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितले असतील, तर नवव्या आठवड्यात परस्पर घेत राहू नका. अतिरेक झाला तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि त्याचा मार बसतो तो त्याच मूत्रपिंडांना.