चंद्रावरचा संगणक लढाऊ विमानात

२५ मे १९७२ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावरून नासाचे वैमानिक गॅरी क्रियर यांनी एफ-८ क्रुसेडर हे मूळचं नौदलाचं लढाऊ विमान आकाशात नेलं. त्यांच्या हातातल्या दांड्याला पंख-शेपटीशी जोडणाऱ्या सळया आणि तारदोर आधीच काढून टाकले होते! दांडा किती हलला हे विजेच्या संकेतातून संगणकाला कळायचं. तो हिशेब करायचा आणि हायड्रॉलिक यंत्रणेला हुकूम सोडायचा. तो बंद पडला तर हाताशी तीन पदरी अ‍ॅनालॉग यंत्रणा होती, पण तीही विजेवरचीच. मागे फिरायला सळयांची वाट उरलीच नव्हती.

आणि संगणक कुठला, तर अपोलो यानाचा! एडवर्ड्सचे अभियंते आधी अ‍ॅनालॉग यंत्रणेचाच विचार घेऊन वॉशिंग्टनला गेले होते. तिथे नासाच्या मुख्यालयात विमानसंशोधनाचं काम पाहत होते खुद्द नील आर्मस्ट्राँग. डिजिटल का नको, असं त्यांनी विचारलं. एवढ्या भरवशाचा संगणक आणायचा कुठून, या शंकेचं उत्तर अपोलोतून चंद्रावर जाऊन आलेल्या त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

या संगणकाची कायमची स्मृती ३६,८६४ शब्दांची, खोडून पुन्हा लिहिता येणारी अवघी २,०४८ शब्दांची. कायमची स्मृती अक्षरशः विणलेली असे. चुंबकीय कड्यातून तार गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्रिया सुईने हे एक-शून्य ओवत. एकदा विणलं की त्यात बदल करणं म्हणजे नव्याने विणणं. विमान कसं वळेल, हे असं तांब्याच्या तारेत आधीच गुंफलेलं होतं, याचा विचार केला की मी थक्क होतो.

एवढा खटाटोप कशासाठी? मुद्दाम अस्थिर बांधलेलं विमान फार चपळ असतं, पण माणसाच्या हाताला ते आवरत नाही. सेकंदाला अनेकदा त्याला सावरणारा संगणक मिळाला, की आराखडा करणाऱ्याचे हात मोकळे होतात.

१९७६मध्ये याच विमानात तीन नवे संगणक बसले, स्पेस शटलसाठी निवडलेल्या जातीचेच. पुढच्या वर्षी चाचणीत उतरताना शटल धावपट्टीवर हेलकावे खाऊ लागलं. हुकूम आणि हालचाल यांत क्षणाचा उशीर झाला, की वैमानिक घाईने जास्तच दुरुस्ती करतो आणि हेलकावे वाढतात. एफ-८मध्ये तसा उशीर मुद्दाम घालून १९७८मध्ये अभ्यास झाला. हे हेलकावे दाबणारा प्रोग्रॅम या विमानावर पारखून मग शटलमध्ये बसवला गेला.